ईदचे बूट आणि वाढते पाऊल

रमजानचा शेवटचा आशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, सुरू झाला की ठाण्याच्या बाजारांचे वेळापत्रकच बदलते. इफ्तार करून, तरावीहची नमाज अदा करून वर्तकनगर, शास्त्रीनगर, लोकमान्यनगर परिसरातली कुटुंबे जांभळी नाक्याकडे, राबोडीत, नाहीतर थेट मुंब्र्याला खरेदीसाठी निघतात. कपडे होतात, बांगड्या होतात, शीरखुर्म्याचा सुकामेवा होतो. सगळ्यात शेवटी, मुले पेंगुळलेली असताना, चपला-बुटांच्या दुकानाची पायरी चढली जाते. दुकानदार विचारतो, "कितवा नंबर?" आई गेल्या वर्षीचा नंबर सांगते आणि लगेच पुस्ती जोडते, "एक नंबर मोठाच द्या. वाढत्या अंगाचा आहे, पुढच्या ईदपर्यंत चालला पाहिजे."

हा संवाद काही फक्त ईदचा नाही. गुढीपाडवा, दिवाळी आणि जूनमधली शाळेची खरेदी या सगळ्या वेळी तो त्याच दुकानात, त्याच बाकावर होतो. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये तर पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी ईद आली. पाडव्याचे आणि ईदचे बूट तेव्हा एकाच रांगेत उभे राहून घेतले गेले आणि दोन्ही घरांतला हिशेब एकच होता, वाढत्या अंगाचे घ्या. सदऱ्याला हा हिशेब लागू पडतो, कारण सदऱ्याची बाही दुमडता येते. बूट दुमडता येत नाही. त्यात जे जुळवून घ्यावे लागते, ते मुलाच्या पावलाला.

पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. गुणांच्या बाबतीत ते खरे असेल, पण पावलांचा आकार मात्र पाळण्यात ठरत नाही. मोठ्या माणसाच्या एका पावलात २६ हाडे असतात. तान्ह्या बाळाच्या पावलात त्यातली कित्येक हाडे अजून कूर्चा असतात, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखी मऊ आणि वाकणारी. पावलाच्या आतल्या कमानीतले नावेच्या आकाराचे हाड तर बहुतेक मुलांमध्ये दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान हाडाचे रूप घेऊ लागते. पुढची वाढ वयात येईपर्यंत चालू राहते.

लांबीच्या बाबतीत मात्र पाऊल फार घाईत असते. मुलगी वर्षाची आणि मुलगा दीड वर्षाचा होतो, तेव्हा पावलाची लांबी मोठेपणीच्या लांबीच्या साधारण निम्मी झालेली असते. पहिल्या वाढदिवसानंतर तीन वर्षांचे होईपर्यंत पाऊल महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास वाढते. पुढे शाळेच्या वयात ही वाढ महिन्याला एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी होते.

लहान मुलाचा तळवा सपाट दिसतो म्हणून अनेक घरांत काळजी सुरू होते. या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात, त्यामुळे कमान दिसत नाही. ती साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढे स्पष्ट होऊ लागते आणि दहाव्या वर्षापर्यंत घडत राहते. ती घडवण्याचे काम तळव्याचे स्नायू करतात. मूल बोटांनी जमीन पकडते, चवड्यावर उभे राहते, पळते, चढते, तेव्हा हे स्नायू बळकट होतात.

मऊ पावलाची आणखी एक अडचण आहे. घट्ट बुटात ते निमूटपणे दुमडून बसते. मोठ्या माणसाला जिथे फोड येईल, तिथे लहान मूल बोटे आखडून घेते आणि खेळत राहते. म्हणून दुकानात "चावतोय का रे?" असे विचारून फारसे काही कळत नाही. समोर चमकणारे दिवे लावलेला बूट असेल तर उत्तर ठरलेलेच, "नाही!"

मणिपालचे ठसे

या विषयावर जगभर ज्याचा दाखला दिला जातो, तो अभ्यास आपल्या कोकणाच्या खालच्याच किनाऱ्यावर झाला. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधील अस्थितज्ज्ञ डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. १९९२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के आढळले, तर अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वाधिक होते, सँडल किंवा चप्पल घालणाऱ्यांत त्याहून कमी आणि अनवाणी मुलांत सगळ्यात कमी. १९९५ मध्ये १८४६ प्रौढांच्या तपासणीतही तोच सूर निघाला. सहा वर्षांचे होण्याआधीच बुटांची सवय लागलेल्यांमध्ये सपाट पावले जास्त होती.

याचा अर्थ मुलांना रस्त्यावर अनवाणी सोडा, असा नाही. वर्तकनगरात जुन्या म्हाडा इमारतींच्या पुनर्विकासाची कामे सुरू असतात. खिळे, काचा, खडी आणि मार्च-एप्रिलच्या दुपारचा तापलेला डांबरी रस्ता यांपासून पावलाला संरक्षण हवेच. बुटाचे मुख्य काम तेवढेच आहे, जखम आणि जंतूंपासून बचाव. चालायला शिकवण्याचे किंवा कमान घडवण्याचे काम बूट करत नाही. बालअस्थितज्ज्ञ डॉ. लिन स्टॅहेली यांनी १९९१ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. पावलाची उत्तम वाढ अनवाणी असतानाच होते आणि मुलांचा बूट निवडताना अनवाणी पाऊलच आदर्श मानावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

या बाबतीत आपल्याकडची जुनी वळणे उपयोगाची आहेत. घर असो, मशीद असो, मंदिर असो की दर्गा, चपला दाराबाहेर राहतात. चालायला शिकणारे बाळ घरातल्या फरशीवर, चटईवर, गच्चीत अनवाणी फिरते, तेव्हा त्याच्या पावलांना हवा तो व्यायाम आपोआप मिळतो. घरातही मऊ बूट घालून ठेवण्याची नवी पद्धत त्याच्या आड येते. आवाज करणारे पहिले बूट कौतुकापुरते ठीक. बाळ घराबाहेर स्वतःच्या पायांनी चालू लागेपर्यंत खऱ्या बुटाची गरज नसते.

पुढच्या ईदचे गणित

आता त्या "एक नंबर मोठा"चा हिशेब मांडून पाहू. चालताना पाऊल बुटात थोडे पुढे सरकते आणि किंचित लांबते. त्यासाठी सर्वात लांब बोटापुढे पाच-सहा मिलिमीटर जागा लागते. वाढीसाठी आणखी तेवढीच धरली की नव्या बुटात १० ते १२ मिलिमीटर, म्हणजे साधारण मोठ्या माणसाच्या करंगळीच्या रुंदीएवढी, जागा हवी.

आपल्याकडे चालणारा इंग्लिश नंबर एका पायरीला एक-तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढतो. पाच वर्षांच्या मुलाचे पाऊल वर्षात साधारण १० ते १२ मिलिमीटर वाढते. गेल्या ईदचा बूट आता घट्ट झाला असेल, तर त्याहून एक नंबर मोठा बूट जेमतेम आजच्या मापाचा निघतो आणि पावसाळ्यापर्यंत पुन्हा घट्ट होतो. गेल्या ईदचा बूट अजून सैल असेल, तर एक नंबर मोठा बूट आणखी सैल होतो. त्यात पाऊल मागेपुढे सरकते, बूट निसटू नये म्हणून मूल बोटे आखडते आणि पळताना ठेचकाळते. दोन वर्षांच्या बाळाचे पाऊल वर्षात याहून दीडपट वाढते, तिथे एक बूट वर्षभर पुरवण्याचा प्रश्नच येत नाही. खरा घोटाळा मोठा की लहान हा नाहीच. पावलाचे माप कुणी घेतलेलेच नसते.

युरोपातही चित्र फार वेगळे नाही. ऑस्ट्रियात बालवाडीच्या ८५८ मुलांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुसंख्य मुलांचे बूट लांबीला अपुरे होते आणि बूट जितका आखूड, तितका पायाचा अंगठा वाकडा होण्याकडे कल दिसला.

तेव्हा हजार रुपयांचा एक जोड वर्षभर ओढण्यापेक्षा पाचशेचे दोन जोड सहा-सहा महिन्यांनी घेणे पावलाच्या हिताचे. खर्च तोच राहतो. माप मात्र पुन्हा घ्यायला हवे. तीन वर्षांपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी, सहा वर्षांपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून दोनदा.

खजुराच्या खोक्याची पट्टी

दिवसभराच्या हालचालीने पाऊल संध्याकाळी किंचित फुगते, म्हणून माप संध्याकाळीच घ्यावे. रमजानात इफ्तारनंतरची वेळ त्यासाठी नेमकी आहे. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवावा. मुलाला त्यावर टाच भिंतीला टेकवून उभे करावे. वजन दोन्ही पायांवर सारखे हवे, बसलेल्या मुलाचे माप कमी भरते. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वात लांब बोटापुढे खूण करावी. सर्वात लांब बोट नेहमी अंगठाच असतो असे नाही, काहींचे शेजारचे बोट पुढे असते. दोन्ही पावलांचे माप घ्यावे आणि मोठे पाऊल प्रमाण मानावे.

मग खजुराच्या किंवा मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची बोटभर रुंदीची पट्टी कापावी. लांबी पावलाएवढी अधिक १० ते १२ मिलिमीटर. पाऊल १६ सेंटिमीटर असेल तर पट्टी १७ ते १७.२ सेंटिमीटरची. पट्टीवर मुलाचे नाव आणि तारीख लिहावी. दुकानात ही पट्टी बुटात टाचेपर्यंत सरकवावी. ती वाकली तर बूट लहान आहे. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त मागेपुढे हलली तर तो मोठा आहे. बुटातला तळवा सुटा निघत असेल तर मुलाला त्यावरच उभे करावे. पुढे किती जागा उरते आणि बोटे बाजूने बाहेर जातात का, ते लगेच दिसते. पट्टी फक्त लांबी सांगते. रुंदी आणि पायाच्या वरच्या बाजूचा उंचवटा पाहायला बूट घालून चार पावले चालवावेच लागते. मूल झोपी गेले असेल तर बदलून देणारे दुकान गाठावे.

नंबरावर विसंबू नये, त्याला आणखी एक कारण आहे. इंग्लिश पद्धतीत मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात. युरोपीय पद्धतीत एका नंबराचा फरक सुमारे साडेसहा मिलिमीटरचा असतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा निराळा. मुळात ही मापे आपल्या पावलांवरून ठरलेलीच नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले मोजली. भारतीयांची पावले पाश्चात्त्यांपेक्षा रुंद असल्याचे त्यात दिसले. त्यावरून 'भ' नावाची देशी मापपद्धती सुचवली गेली आणि तिच्या आठ गटांत तान्ह्या बाळापासून मुलांसाठी वेगवेगळे गट आहेत. रुंद पावलाला अरुंद बूट बसत नाही म्हणून आपण लांबीने मोठा घेतो. वाढत्या अंगाच्या खरेदीत कितीदा तरी हेच दडलेले असते.

मोजडी, टाचा आणि क्लॉग्ज

चांगला बूट ओळखायला किंमत पाहावी लागत नाही. पुढचा भाग बोटे पसरतील इतका रुंद आणि गोलसर हवा. बूट चवड्याच्या जागी सहज वाकला पाहिजे, मधोमध घडी पडणारा नको. टाचेभोवतीचा भाग पायाला धरून ठेवणारा हवा. तळ सपाट, हलका आणि न घसरणारा असावा. वेल्क्रो, बक्कल किंवा नाडीने बांधता येणारा बूट पायावर नीट बसतो. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी वेल्क्रो सोयीची, कारण मशिदीच्या दारात, वुजूच्या वेळी किंवा शाळेत बूट काढणे-घालणे त्यांना स्वतः जमते. उजव्या पायाने सुरुवात करून बूट घालायची सवयही अशीच लागते.

ईदला पठाणी किंवा शेरवानीसोबत मोजडी हवीच, रोजाकुशाईला तर हमखास. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा फरक नसतो, टोक निमुळते असते आणि तळ कडक असतो. मुलींच्या उंच टाचांच्या सँडल शरीराचे वजन बोटांवर ढकलतात. यावर भांडण करण्याचे कारण नाही. नमाज, फोटो आणि शीरखुर्मा होईपर्यंत मोजडी पायात राहू द्यावी. मग नातेवाइकांकडे ईद मिलायला, उपवन तलावावर फिरायला निघताना पिशवीत नेहमीची पट्टेदार सँडल ठेवावी. एक-दोन तासांच्या हौसेने पाऊल बिघडत नाही. रोजच्या सहा-सात तासांचा बूट नीट असणे महत्त्वाचे.

मऊ प्लास्टिकच्या क्लॉग्जची गोष्ट वेगळी. मागे पट्टा नसेल तर त्या सांभाळायला मूल सतत बोटे आखडते. सरकत्या जिन्याच्या फटीत अशा मऊ पादत्राणांची कड अडकून मुलांची बोटे जखमी झाल्याने अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २००८ मध्येच इशारा दिला होता. ईदच्या सुट्टीत मॉलमध्ये मुलाचा हात धरून, पायरीच्या मधोमध उभे राहणे बरे.

शाळा आणि पाऊस

मुलाच्या पायात सर्वाधिक काळ असतो तो शाळेचा काळा बूट. राज्य सरकारने २०२३-२४ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे मोफत देण्याचे ठरवले, त्यासाठी प्रति विद्यार्थी १७० रुपये धरले गेले. फुकटच्या बुटालाही माप लागतेच. शाळेत नंबर विचारला जाईल तेव्हा अंदाजाने सांगण्यापेक्षा पट्टी दप्तरातून पाठवावी. खासगी शाळांच्या पालकांनाही हे लागू आहे. मार्चमध्ये घेतलेले माप जूनमध्ये जुने झालेले असते.

ठाण्याच्या पावसात बूट वाळवणे हे घराघरातले कामच असते. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ते पंख्याखाली ठेवावेत, शेगडीजवळ नकोत. गमबूट वाटेपुरते ठीक, दिवसभर घातले तर पाय घामाने भिजतो आणि बोटांच्या बेचक्यात बुरशी होते. घट्ट पायमोजाही घट्ट बुटाइतकाच बोटे आवळतो, त्यामुळे बुटाबरोबर पायमोज्याचेही माप बदलावे. घरी आल्यावर बूट-मोजे काढून पाय धुऊन, कोरडे करून मुलाला अनवाणी खेळू द्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा?

सपाट पावलाच्या मुलाला चवड्यावर उभे करावे. कमान दिसू लागली आणि दुखत नसेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. अशा मुलांसाठी खास 'दुरुस्तीचे बूट' विकले जातात. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मुलांचे गट पाडून तीन वर्षे त्यांची चाचणी घेतली गेली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे बूट घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांच्या पावलांत फरक पडला नाही.

मात्र पाऊल ताठ असेल, दुखत असेल, मूल लंगडत असेल, दोन पावले वेगळी दिसत असतील, बुटाची एकच बाजू झिजत असेल किंवा तीन वर्षांनंतरही मूल सतत चवड्यावर चालत असेल, तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे. जन्मतः आत वळलेल्या पावलासाठी तर एक दिवसही वाट पाहू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे. पॉन्सेटी पद्धतीत प्लास्टरनंतर पट्टीने जोडलेले बूट देतात. ते आधी तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि मग चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालायचे असतात. मूल नीट चालू लागले म्हणून ते मध्येच बंद केले, तर पाऊल पुन्हा वळू लागते. इथे मात्र बूट हेच औषध असते.

देतानाही माप

सदका-ए-फित्र ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो, गरिबाच्या घरीही ईद व्हावी म्हणून. या दिवसांत अनेक जण नात्यातल्या, घरकाम करणाऱ्या बाईंच्या किंवा वस्तीतल्या मुलांसाठी कपडे आणि चपला घेतात. कपडा अंदाजाने चालतो. अंदाजाने घेतलेला बूट मात्र ज्या मुलाला नको म्हणता येत नाही, त्याच्या पायात जातो. त्याला तो घट्ट असो की सैल, वर्षभर तोच वापरावा लागतो.

जुने जोड देण्यातही हा विचार हवा. रोज वापरलेला बूट पहिल्या मुलाच्या चालीप्रमाणे झिजलेला आणि आतून त्याच्या पावलाचा साचा झालेला असतो. तो धाकट्यालाही देऊ नये. दोन-चार दिवसच घातलेल्या सणासुदीच्या सँडल मात्र जवळजवळ नव्या असतात. तळ सारखा असेल आणि पट्टी आत नीट बसत असेल, तर त्या खुशाल द्याव्यात.

म्हणून कुणाच्या मुलासाठी बूट घ्यायचे असतील, तर आधी त्या घरून एक कागद मागवावा. त्यावर दोन पावलांच्या रेघा, मुलाचे नाव आणि तारीख. चाँदरातीला अजून काही दिवस आहेत, आणि पेन्सिल-कागद प्रत्येक घरात आहे.